जोडीची चक्री

"हिला सांधता येईल का, एवढंच बघा," पिलाजीराव म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी ती चक्री माझ्या बाकावर ठेवली.

सांधण्यासारखं काही उरलंच नव्हतं. रिव्हॉल्वरची चक्री म्हणजे सहा खण पाडलेला पोलादाचा गट्टू. त्यातल्या एका खणाची भिंत फाटून बाहेर वळली होती आणि शेजारच्या खणालाही चीर गेली होती. मी ती उचलून उजेडात धरली आणि विचारलं, "कशानं झालं हे?"

"निखाऱ्यावर ठेवली होती."

"निखाऱ्यावर?"

"दारू ओली झाली असंल असं वाटलं. वाळवावी म्हटलं."

मी हसलो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, वडिलांच्या मागं दुकान माझ्या हाती आलं होतं, आणि कोल्हापुरात बंदुकीच्या कामात आपल्याला तोड नाही अशी माझी पक्की समजूत होती. दिगंबर जिनगर या नावाची पाटी मीच रंगवून घेतली होती, वडिलांच्या पाटीपेक्षा हातभर मोठी. "राव, पापड वाळवतात निखाऱ्यावर," मी म्हणालो. "तुमचे हातपाय शाबूत आहेत हेच नशीब."

पिलाजीराव सरनोबत हसले नाहीत. साठीचे, उंच, दंडाला काळी फीत बांधलेले. माझी थट्टा त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही असं वाटलं, आणि मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

रिव्हॉल्वर त्यांनी वेगळ्या पेटीतून आणलं होतं. ठासणीचं, टोपीवर चालणारं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. यात काडतूस नसतं. चक्रीच्या प्रत्येक खणात दारू भरायची, वर बोळा ठासायचा, खणाचं तोंड बंद करायचं आणि मागच्या बाजूला तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर पडला की ठिणगी आत जाते. सहा खण म्हणजे सहा बार. मग पुन्हा भरत बसा.

"दसऱ्याला सीमेवर बार काढतो आम्ही," पिलाजीराव सांगू लागले. "उंबरशेतात आमच्याच घरचा मान आहे. पहिला देवीचा, दुसरा गावाचा, तिसरा शिवाराचा, चौथा गुरांचा, पाचवा गेलेल्यांचा."

"आणि सहावा?"

"सहावा घरात जो पुढं यायचा त्याचा, वंशाचा. माझ्या आठवणीत कधी चुकला नाही. गेल्या साली चुकला. घोडा पडला, बार झाला नाही. ज्येष्ठात उदय गेला. विहिरीवरची मोटार दुरुस्त करताना शॉक लागला."

उदयसिंह त्यांचा एकुलता एक मुलगा. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "सून पोटुशी आहे. सातवा लागलाय. यंदा घरात सण नाही, पण बार गावाचे आहेत, ते चुकवता येत नाहीत. मला शास्त्रार्थ नको, मिस्त्री. मला सहा बार पाहिजेत."

सहावा बार का चुकला ते मला शोधून काढायचं होतं. मी विचारलं, "खणाच्या तोंडाला काय लावता?"

"तूप."

"तूप? चरबी का नाही?"

"चरबी कशी चालंल? नऊ दिवस हत्यार देवीपुढं असतंय. तूपच लावतात आमच्यात."

मला सगळं कळलं, आणि खरं सांगतो, आनंद झाला. आश्विनातलं ऊन म्हणजे दुसरा उन्हाळा. त्या उन्हात मिरवणूक सीमेपर्यंत जाणार, तूप पातळ होऊन बोळ्यातून झिरपणार आणि दारू भिजणार. पहिले पाच खण उडेपर्यंत सहावा सगळ्यांत जास्त तापलेला. मी हे सगळं त्यांना बाकावर बोटानं रेघा ओढून समजावलं.

"म्हणजे देवीचा कोप वगैरे काही नाही?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुपाचा दोष."

"मग उदय?"

मी रिव्हॉल्वर पुसायला घेतलं.

चक्री मात्र नवी लागणार होती. मी त्यांना आधीच सांगितलं की कुणाचीही चक्री कुणालाही बसत नाही. त्या काळात प्रत्येक नग कारागिरानं हातानं घासून बसवलेला असायचा. केसभर फरक पडला तरी खण नळीसमोर येत नाही. जुनी मिळाली तर मी घासूनपुसून बसवेन, पण आठ दिवस लागतील. दसऱ्याला दहा दिवस होते. असल्या सुट्या चक्र्या मिळायचं ठिकाण एकच होतं. जुने साहेबलोक एका रिव्हॉल्वरबरोबर दोन चक्र्या विकत घेत, एक रिव्हॉल्वरमध्ये आणि दुसरी भरून खिशात, म्हणजे पुन्हा भरायला वेळ जायला नको. साहेब गेले, रिव्हॉल्वरं गेली, अशा किती तरी जोडीच्या चक्र्या मागं उरल्या. मिरजेच्या बाबालाल शिकलगारांकडं त्यांचा डबा भरून होता.

दुसऱ्या दिवशी पिलाजीरावांची जीप आली. मागच्या सीटवर त्यांची सून शैलजावहिनी होत्या. त्यांना मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं, ते काम सकाळीच उरकलं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे. हे ऐकूनही पिलाजीरावांच्या कपाळावरची आठी तशीच राहिली.

बाबालालचाचा ऐंशीच्या पुढचे. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं, नजर गेलेली. धार लावायचा दगड त्यांचा मुलगा चालवायचा, पण लोखंडाची पारख चाचांच्या बोटांत होती. माझ्या वडिलांचे दोस्त. मी आवाज देताच म्हणाले, "दिगू का रं? ये. बापासारखंच पाय घासत चालतोस."

मी काम सांगितलं. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं ओढला, चिंध्यांत गुंडाळलेल्या चक्र्या एकेक करून सतरंजीवर मांडल्या. सहा-सात असतील. मी मोजपट्टी काढली. एक लांबीला जास्त, एक घेराला कमी, एकीचे दाते वेगळे. शेवटी एक बरी वाटली. घासली तर बसली असती.

"हिचे दोनशे घ्या, चाचा," मी म्हणालो.

"थांब जरा. मूळ हत्यार दे बघू इकडं."

पिलाजीरावांनी रिव्हॉल्वर त्यांच्या हातात दिलं. चाचांनी मूठ चाचपली, नळीखाली बोट फिरवलं, चक्रीची रिकामी जागा अंगठ्यानं दोनदा मोजली. मग हात थांबला. त्यांचा मुलगाही दगड थांबवून बघायला लागला.

"कुठल्या गावचं म्हणालात?"

"उंबरशेत," पिलाजीराव म्हणाले. "सरनोबत."

चाचा भिंतीला धरून उठले. डब्याकडं गेलेच नाहीत. वरच्या कोनाड्यात हात घालून त्यांनी एक हिरव्या फडक्याची पुरचुंडी काढली आणि माझ्या हातात दिली. "हिचा नंबर वाच. मग हत्याराचा वाच."

चक्रीवर ३१०६ होतं. रिव्हॉल्वरच्या मुठीखाली मी कालच तेल लावून नंबर वाचला होता, तरी पुन्हा वाचला. ३१०६.

मी चक्री जागेवर ठेवली. ढकलावीसुद्धा लागली नाही. आत गेली, बसली आणि घोडा ओढला तसा खण नळीसमोर येऊन थांबला. सहाही खण मी फिरवून पाहिले. मी नंतर चाळीस वर्षं या धंद्यात काढली, पण सुटी चक्री न घासता बसलेली तेवढी एकदाच पाहिली. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला आणि लगेच मी स्वतःवर चिडलो. एकाच पेटीतली जोडी एकमेकांना बसणार नाही तर कुणाला बसणार?

पिलाजीरावांचे डोळे भरून आले होते. "शैलाला सांगून येतो," म्हणून ते जीपकडं गेले.

ते गेल्यावर चाचांनी माझं मनगट धरलं. "दिगू, ऐक. ही चक्री आमच्याकडं ह्याच्या आजीनं आणून दिली. माझ्या आज्याच्या हातात. उंबरशेतातनं चालत आली होती बाई. पदराच्या गाठीला बांधून आणलीती. म्हणाली, परत आमच्या घरात येऊ देऊ नका."

"का?"

"आज्यानं इचारलं. तिनं सांगितलं न्हाई. पैसं देऊ केलं, घेतलं न्हाईत. बाई पोटुशी होती. दारातच बसून पाणी प्याली आन् गेली."

"मग तुम्ही देताय कशाला?"

"मालक मागायला आलाय. दुसऱ्याची ठेव किती दिवस दडवायची? पर हे सांगितल्याबिगर द्यायची न्हाई, असं आमच्या घरात ठरलंय. तू सांग त्याला. मला त्याचं तोंड दिसत न्हाई. असलं काही माणसाचं तोंड बघून सांगावं लागतं."

"सांगतो," मी म्हणालो.

"आईची शपथ?"

"सांगतो म्हटलं ना, चाचा."

चाचांनी त्या चक्रीचा एक पैसाही घेतला नाही. पिलाजीरावांनी बळेच ठेवलेल्या नोटा त्यांनी चाचपून परत त्यांच्या खिशात कोंबल्या.

मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढच्या नऊ दिवसांतही नाही. सांगितलं असतं तर पिलाजीरावांनी ती चक्री तिथंच ठेवली असती, मला दुसरी घासत बसावी लागली असती आणि ती दसऱ्यापर्यंत बसली नसती तर माझं नाव गेलं असतं. शिवाय जुन्या काळच्या बाईची भाकडकथा कशाला पसरवायची, असा शहाणपणाही होताच. पण याहून खरं कारण असं की जी चक्री न ढकलता जागेवर बसली होती, तिचे सहाही बार मला उडालेले बघायचे होते.

जीपमध्ये वहिनींनी ती मागून घेतली. "बघू तरी," म्हणून त्यांनी ती मांडीवर ठेवली. पिलाजीराव पुढं पान खायला उतरले होते. वहिनी हळूच म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला हे खरं वाटतं? बाराचं?"

"नाही."

"मलापण नव्हतं वाटत. ह्यांना तर हसू यायचं. आताही मी एकटी असते तर नसतं वाटलं." त्यांनी पोटावर हात ठेवला. "एवढंच सांगा, सहावा उडेल ना?"

"उडेल. माझी जबाबदारी."

त्या एकदम दचकल्या आणि मग हसल्या. ज्येष्ठानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. "लाथ मारली बघा," त्या म्हणाल्या. "हिच्याच बाजूला." त्यांनी चक्री मांडीच्या दुसऱ्या बाजूला सरकवली. थोड्या वेळानं पुन्हा हसल्या. "आता इकडं."

दसऱ्याच्या दिवशी सहाही खण मी माझ्या हातानं भरले. दारू आदल्या दिवशी उन्हात ठेवून खडखडीत वाळवली होती. बोळे नवे, टोप्या नव्या. तूप बाजूला ठेवून तोंडाला मेण लावलं. मेण देवीला चालतं याची खात्री पिलाजीरावांनी गुरवाकडून करून घेतली होती. वाट्टेल ते झालं तरी यातला एकही खण चुकणं शक्य नव्हतं. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

ऊन उतरायच्या वेळेला गाव सीमेवर जमलं. हलगी थांबली. पिलाजीराव आपट्याच्या झाडापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात आभाळाकडं केला. वहिनी जरा लांब, जीपमध्ये बसून होत्या; मी त्यांच्या आणि पिलाजीरावांच्या मधे.

पहिला बार झाला. झाडावरचे बगळे उठले. दुसरा. तिसरा. पांढरा धूर पिलाजीरावांच्या पागोट्याभोवती साचत गेला. चौथा. पाचवा झाला तेव्हा लोकांनी श्वास धरला असावा, कारण सगळा माळ एकदम शांत झाला.

सहाव्याला घोडा पडला. टिक.

बाकी काहीच नाही. टोपीसुद्धा वाजली नाही. धूर नाही, ठिणगी नाही. पिलाजीरावांचा हात वर तसाच राहिला. मग तो खाली आला आणि ते तसेच मातीत बसले. कुणी पुढं गेलं नाही. मीही जागचा हललो नाही. माझी जबाबदारी, असं मी म्हणालो होतो.

तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला. "आबासाहेब, उडाला की! असे खाली का बसलात?"

सगळ्यांनी वळून बघितलं. त्या जीपमधून उतरत होत्या. दोन्ही हात पोटाला लावलेले. "केवढ्यानं उडाला! कानठळ्या बसल्या माझ्या. बाळसुद्धा घाबरलं आत."

गावकरी एकमेकांकडं बघत राहिले. मग पाटलांच्या घरातलं एक म्हातारं माणूस पुढं झालं, त्यानं पिलाजीरावांना बगलेत हात घालून उठवलं आणि मोठ्यानं म्हणालं, "उडाला, उडाला. तुमच्याच कानात पहिल्या पाचांचा आवाज भरलाय, राव." मग सगळेच म्हणू लागले. उडाला. आम्ही ऐकला. हलगी सुरू झाली. माणसं सोनं वाटू लागली आणि मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. असलं गाव आणि असली सून पाहिजे, असं मला वाटलं. एका बापाला वाचवायला सगळ्यांनी मिळून खोटं बोलायचं.

काळी दारू त्याच दिवशी धुवावी लागते, नाहीतर रात्रीतून पोलाद खाते. सरनोबतांच्या ओसरीवर कढत पाण्याची बादली घेऊन मी बसलो. चक्री काढली. सहाव्या खणातली दारू आता काडीनं उकरून काढावी लागणार, म्हणून मी तो खण उजेडाकडं धरला.

खण रिकामा होता.

मेण नव्हतं, बोळा नव्हता, दारू नव्हती. आतून बाकीच्या पाच खणांसारखाच काळा, जळलेला. मागची टोपी फुटून चार पाकळ्या झाल्या होत्या, उडालेल्या टोपीच्या होतात तशा. मी वास घेतला. ताज्या जळलेल्या दारूचा वास.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी आवाज दाबून विचारलं, "वहिनीसाहेब, तुम्ही तो सहावा बार खरंच ऐकला?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "म्हणजे? तुम्ही नाही ऐकला?"

मी खण धुतला, तेल दिलं आणि चक्री फडक्यात बांधून त्यांच्या हाती दिली. कुणाला काही बोललो नाही.

मार्गशीर्षात मुलगी झाली. पिलाजीराव स्वतः जिलेबीचा पुडा घेऊन दुकानात आले. "पोर दणकट आहे, मिस्त्री. बाळंतीण सुखरूप. सहा बार!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. संयोगिता असं नाव ठेवलं. मी जिलेबी खाल्ली आणि मनातल्या मनात हुश्श केलं. जे काही होतं ते टळलं, असं मी स्वतःला बजावलं.

मधल्या दसऱ्याला खण पिलाजीरावांनी स्वतःच भरले, पोर तेव्हा घरी होती. ती दीड वर्षाची झाली तेव्हा ते पुन्हा आले. जिलेबी नव्हती. समोरच्या स्टुलावर बसून म्हणाले, "पाठीमागं ताट आपटलं तरी वळत नाही. मिरजेला दाखवलं. जन्मापासनंच ऐकू येत नाही म्हणतात. शैलाला विचारत होते, पोटात असताना ताप आला होता का, काही औषध घेतलं होतं का. तसलं काहीच नव्हतं. ती म्हणाली, एकदा फक्त फार मोठा आवाज झाला होता."

तेव्हा मी सांगितलं. बाबालालचाचांनी सांगितलेलं सगळं, पदराची गाठ, दारात बसून प्यालेलं पाणी. काळ्या झालेल्या खणाचंही सांगितलं. चाचा आदल्या वर्षीच गेले होते, त्यामुळं माझ्या शब्दाला साक्षीदार कुणी नव्हता. तो लागलाही नाही. पिलाजीरावांनी प्रत्येक शब्द खरा मानला.

"नऊ दिवस होते तुमच्याकडं," ते म्हणाले. "का नाही सांगितलंत?"

मी म्हणालो, "मला बार उडालेला बघायचा होता."

त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "यंदा भरायला या. पाचच भरा. सहाव्याला दारूही नको आणि टोपीही नको. घोडा तेवढा पाडीन. मान मोडायला नको."

मी गेलो. पाच खण भरले. सहावा कापडानं पुसून रिकामा ठेवला, पिलाजीरावांना दाखवला, त्यांनी बोट घालून बघितला. सीमेवर शैलजावहिनी या वेळी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, कमरेवर संयोगिता. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. पोरीच्या हातात आपट्याचं पान होतं आणि ती ते मन लावून फाडत होती.

पहिला बार झाला. तिनं मान वर केली नाही. दुसरा झाला, तिसरा झाला. गावातली तिच्याएवढी पोरं आयांच्या पदरात तोंड खुपसून रडत होती, आणि ही पान फाडत होती. चौथा. पाचवा. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तेही तिनं बघितलं नाही.

मग पिलाजीरावांनी घोडा ओढला. रिकामा खण नळीसमोर आला. टिक असा आवाज झाला, तोसुद्धा पुढच्या रांगेलाच ऐकू गेला असेल.

पोरीच्या हातातलं पान पडलं. तिनं दोन्ही तळव्यांनी कान गच्च दाबले आणि ती किंचाळायला लागली.